कोब्यावरची राष्ट्रीय हॉकी

भिंगारदिवे सरांच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी उठलो, 'सर फार मोठ्या मनाचे होते' असं म्हणालो आणि खाली बसलो. हे वाक्य कोणाच्याही शोकसभेत चाललं असतं, हे घरी येईपर्यंत मला डाचत राहिलं. बोलणं मला आयुष्यभर जमलं नाही. लिहायला बसलो, तर पानभर मजकुराला आठवडा लागतो. पण आठवडे आता माझ्याकडे भरपूर आहेत.

माझा धंदा बांधकामाचा. नगरच्या एका शिक्षणसंस्थेत मी ओव्हरसियर होतो. इंजिनियरनं कागदावर काढलेलं मिस्त्रीकडून जमिनीवर करून घ्यायचं, एवढंच ते काम. इंजिनियरला वाटतं हा मिस्त्रीचा माणूस, आणि मिस्त्रीला वाटतं हा इंजिनियरचा. त्यामुळे दुपारच्या सुट्टीत माझ्याजवळ सहसा कोणी बसत नसे, आणि मी पिशवीतलं पुस्तक काढून वाचत असे. तेवढ्यावरून सरांनी माझं नाव 'ग्रंथपाल' ठेवलं. कॉलेजात खरा ग्रंथपालही होता. त्याला हे मुळीच आवडत नसे.

आता घरोघरी टाइल्स आल्या, म्हणून कोबा म्हणजे काय ते नव्या वाचकांना सांगायला हवं. खाली मुरूम ठोकून बसवायचा, त्यावर काँक्रीट, त्यावर सिमेंट-वाळूचा थर, आणि तो थर ओला असतानाच वर कोरडं सिमेंट भुरभुरून थापीनं घोटत राहायचं. मिस्त्री उकिडवा बसतो आणि घोटत घोटत मागं सरकतो. समोर त्याचं काम दिसत असतं आणि पाठीमागं काय आहे हे त्याला अंदाजानंच ठाऊक असतं. मग दुसऱ्या दिवशी मातीचे छोटे वाफे बांधून त्यावर पाणी तुंबवायचं. सिमेंटला वाळून नाही, भिजून बळ येतं.

चांगल्या कोब्याचे गुण दोन. एक गुळगुळीतपणा. पण तोही बेतानं हवा. एका निवृत्त मामलेदारांनी बैठकीच्या खोलीत 'आरशासारखा' कोबा हवा म्हणून हट्ट धरला. आम्ही दिला. पहिल्याच आठवड्यात व्याही आले आणि उंबरा ओलांडून थेट दिवाणापर्यंत बसूनच गेले. मामलेदारांनी मला बोलावून सांगितलं, "आरसा नको, जरा तोंड दिसेनासं करा." मग विटेनं घासून तो आरसा आम्ही मोडला.

दुसरा गुण ढाळ. ढाळ म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उतार. जमीन धुतली की पाणी आपोआप मोरीकडे जायला हवं. आमच्या भागात नव्या कोब्यावर बादलीभर पाणी ओतून बघतात. पाणी कुठं थबकलं, तर मिस्त्रीची मान खाली. सरसर वाहून गेलं, तर घरातली बाई त्याला चहाबरोबर शिराही देते. आमचे रंभाजी मिस्त्री पाथर्डीकडचे. शिऱ्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा तालुक्यात दुसरा कोणी नव्हता.

आता सरांकडे येतो. दानियल भिंगारदिवे आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. उंच, काटकुळे, गळ्यात शिट्टी. त्यांचे वडील लष्करी छावणीत सुतारकाम करत. बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाचे चाकांचे बूट, म्हणजे स्केट्स, वडिलांनी घरी आणले आणि सरांचं बालपण त्यावर गेलं. पुढे एका इंग्रजी मासिकात त्यांनी बर्फावरच्या हॉकीचं चित्र पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात ते कायमचं बसलं. नगरात बर्फ मिळे तो उसाच्या रसात घालायला. म्हणून सरांनी त्या खेळाच्या चुलत भावाशी सोयरीक केली. तो म्हणजे रोलर हॉकी. बर्फाऐवजी सिमेंटची जमीन, पायात चाकं, हातात वाकडी काठी, एक टणक चेंडू, दोन्ही बाजूंना पाच पाच गडी आणि मैदानाभोवती लाकडी कठडा.

नव्वदच्या दशकात एका वर्षी कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी यजमान मिळेना. दिल्लीतल्या बैठकीत सरांनी हात वर केला. "मैदान है?" असं विचारलं, तेव्हा ते "है" म्हणाले. परत आल्यावर ते स्टेशनवरून थेट माझ्याकडे आले.

"ग्रंथपाल, पुस्तक मिटा. कोबा घालायचाय."

"किती मोठा?"

"दोनतीनशे पाहुणे जेवतील एवढा. पण जेवायला नाही."

सरांच्या जिवाला ही स्पर्धा का लागली होती, हे इथंच सांगतो. आमचा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत स्वतःच्या बळावर कधीच पोचला नसता. पुणे-मुंबईची मुलं लहानपणापासून चाकांवर असत, आमची अठराव्या वर्षी पहिल्यांदा पडायला शिकत. पण यजमानाला स्पर्धेत आपोआप जागा मिळते. स्पर्धा नगरला झाली तरच आमची मुलं देशभरातल्या संघांसमोर उभी राहणार होती. आणि सरांची नोकरी थोडीच उरली होती.

रंभाजी मिस्त्रींनी तो कोबा घातला तेव्हा सगळं कॉलेज बघायला येत असे. वाफ्यांत पाणी तुंबवल्यावर तर गावात बातमी पसरली की कॉलेजात बर्फ गोठवताहेत. बर्फाच्या कारखान्याचा माणूस सरांना भेटायला आला आणि लाद्या किती लागतील म्हणून विचारू लागला. सरांनी त्याला चहा पाजला, सगळा खेळ समजावून सांगितला. जाताना तो म्हणाला, "समजलं सर. तरी पन रोज दोन लाद्या पाठवतो. गार ऱ्हाईल."

काम झालं. प्राचार्य आले, रिवाजाप्रमाणे मैदानाच्या मधोमध बादली ओतली. पाणी एकसारखं पसरत दक्षिणेच्या कठड्याकडे गेलं आणि खालच्या फटीतून नाल्यात उतरलं. थेंब राहिला नाही. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. मी त्या दिवशी मिस्त्रींना शिरा खाऊ घातला.

खेळाच्या मैदानाला ढाळ चालत नाही, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. नकाशात 'सपाट' असं लिहिलं होतं. पण आमच्याकडे सपाट कोबा म्हणजे नीट ढाळ दिलेला कोबा. आणि खुद्द सरांना का कळलं नाही? तर छावणीतल्या ज्या अंगणात ते चाकं चालवायला शिकले, ते अंगणही असल्याच कुठल्या तरी मिस्त्रीनं केलेलं असणार.

मुलं त्या मैदानावर वर्षभर शिकली. चेंडू सोडला की तो हळूहळू दक्षिणेकडे सरकतो, हा त्यांना खेळाचाच नियम वाटला. उत्तरेच्या बाजूला ती 'वर' म्हणत आणि दक्षिणेला 'खाली'. "वरून दे!", "खाली सोड!" असा ओरडा दिवसभर चाले. कॅप्टन किसन पाथर्डीचा, रानात वाढलेला. त्याला तर हे फार सोपं गेलं. पाणी कसं धरायचं हे ज्याला कळतं त्याला चेंडूही कळतो, असं तो म्हणे.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात दिल्लीहून निरीक्षक आले. ग्रेवालसाहेब. जाडजूड, पांढरी दाढी, बोलणं कमी. त्यांनी मैदान पाहिलं, कठडा ठोकून पाहिला, मान डोलावली. मग खिशातून चेंडू काढून मधोमध ठेवला आणि हात काढून घेतला.

चेंडू क्षणभर थांबला आणि निघाला. सगळे बघत राहिले. तो कठड्याला लागून थांबला.

"ये क्या है?" ग्रेवालसाहेबांनी विचारलं.

मागं उभे असलेले रंभाजी मिस्त्री अभिमानानं पुढं आले. "ढाळ हाय सायब. पानी थेंबभर ऱ्हात न्हाई."

मी त्याचं हिंदी करून सांगितलं. साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर चेंडूकडे बघत होते. वर्षभर रोज पाहिलेली गोष्ट माणसाला पहिल्यांदा दिसते, तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

"मिस्त्री," सर हळूच म्हणाले, "हे मैदान होतं हो. मोरी नव्हती."

"मग पावसात काय पोहायचं व्हय मैदानात?" मिस्त्रींनी विचारलं.

ग्रेवालसाहेब म्हणाले, स्पर्धा पुण्याला हलवावी लागेल. सर एका बाजूला जाऊन कठड्याला टेकून उभे राहिले. मी भिडस्त माणूस, वरिष्ठांसमोर आपण होऊन बोलत नाही. पण तेव्हा बोललो. दोन गोल पूर्व-पश्चिम आहेत आणि उतार उत्तर-दक्षिण. म्हणजे उतार कोणत्याच गोलाकडे जात नाही, आडवा जातो. दोन्ही संघांना त्रास सारखाच. साहेबांनी दाढी खाजवली. मग दोन चेंडू घेतले आणि दोन्ही गोलांसमोर ठेवले. पश्चिमेचा सरळ खाली गेला. पूर्वेचा निघाला सरळ, पण मध्येच वळून गोलात शिरला.

"ये वाला तो खुद गोल कर रहा है," साहेब म्हणाले.

मी उतार मोजायची पाणसळ लावली. पूर्वेच्या गोलामागच्या कोपऱ्यात नाल्याचं तोंड होतं, म्हणून मिस्त्रींनी तिथं ढाळाला थोडा जास्तीचा कल दिला होता. त्या कलाच्या वरच्या बाजूचा उंचवटा घासला असता तर काम भागणार होतं. कोबा घासायचं यंत्र नसतं, पण मोझॅकच्या फरशा घासायचं असतं. सरांनी बाजारातून ते भाड्यानं आणलं आणि दुपारभर आम्ही ते फिरवत होतो. राखाडी चिखल उडून सगळे रंगले. मिस्त्री आधी दूर उभे राहून बघत होते. स्वतःच्या हातचा कोबा घासताना बघणं सोपं नसतं. थोड्या वेळानं आले आणि यंत्राचा दांडा माझ्या हातातून ओढून घेतला. "तुमी व्हा बाजूला. तुमी घासलं तर खड्डा व्हईल, मंग म्हंताल मिस्त्रीनं केला."

संध्याकाळी पूर्वेचा चेंडूही सरळ खाली गेला. ग्रेवालसाहेबांनी पुन्हा पुन्हा सोडून पाहिला. मग त्यांनी अट घातली. पहिला सामना होऊ द्यायचा. सामना संपला की हरलेल्या संघाच्या कॅप्टनला ते स्वतः विचारतील. त्यानं मैदानाची तक्रार केली, तर स्पर्धा तिथंच थांबेल आणि सगळे संघ पुण्याला जातील. विचारणार कॅप्टनला, शिक्षकाला नाही.

पहिला सामना रिवाजानं यजमानांचा असतो. समोर राजस्थानातल्या एका कॉलेजचा संघ.

त्या रात्रीच्या जेवणात सरांनी भाकरी तशीच ठेवली. म्हणाले, "ग्रंथपाल, कोडं बघा. आपली मुलं जिंकली, तर ती उतारामुळं जिंकली. राजस्थानवाले तक्रार करणार, आणि स्पर्धा गेली."

"मग हरायचं?"

"छे! हरा म्हणून मी पोरांना सांगीन काय?" त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "पाहुणा घरात आला की आपण त्याला सांगतो ना, पायरी तुटकी आहे, जपून या? तसं करू."

दुसऱ्या दिवसापासून जो जो संघ उतरेल, त्याला आमची मुलं मैदानावर नेऊन उतार शिकवू लागली. किसन आधी फुगला. "सर, आमच्याकडं यवढं येकच तर हाय, त्ये बी वाटायचं?"

"वाट," सर म्हणाले. "वाटून उरलं तर ते तुझं."

शिकवायला लागल्यावर मात्र तोच रंगला. राजस्थानच्या कॅप्टनला हाताला धरून तो वर नेई आणि मोडक्या हिंदीत सांगे, "इधर से छोड़ने का, वो अपने आप नीचे जाता. तुम वहाँ पहले जाके बैठने का." दोन दिवसांत केरळची मुलंही "वरून दे!" असं शुद्ध नगरी आवाजात ओरडू लागली. त्यांचे वयस्कर व्यवस्थापक कानावर हात ठेवून कौतुकानं हसत.

पहिल्या सामन्याला सगळं कॉलेज लोटलं. सुरुवातीला आमची मुलं खरोखर चांगली खेळली. किसननं वरून सोडलेला चेंडू कठड्याला घासत खाली आला आणि आमच्या पोरानं तो गोलात घातला. टाळ्यांच्या आवाजात सर मात्र ग्रेवालसाहेबांचा चेहरा बघत होते. मग राजस्थाननं बरोबरी केली. तीही वरून चेंडू सोडूनच, अगदी किसननं शिकवल्यासारखी. शेवटच्या मिनिटांत किसन आणि त्यांचा कॅप्टन एकाच चेंडूवर धावले. चेंडू किसनच्या काठीशी येतो येतो म्हणेपर्यंत बोटभर खाली सरकला. त्यांचा कॅप्टन नेमका तिथं आधीच येऊन थांबला होता. गोल झाला, आणि शिट्टीही.

आम्ही हरलो.

किसन चाकांवरूनच कठड्याशी आला. डोळे लाल. "सर, बघितलं न्हवं? सपाट असतं तर माझ्या काठीव आलता. ढाळानं न्हेला. मी सांगनार हाय सायबाला."

कठड्यापलीकडून रंभाजी मिस्त्री कडाडले, "किसन्या, माझ्या ढाळाला नावं ठेवायची न्हाईत हां! ढाळ काय तुझ्याच पायाखाली हुता?"

"तुमी गप बसा ओ मिस्त्री!"

सर काही बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "कॅप्टन तू आहेस. तुला वाटतं ते सांग." मग ते बाकावर बसले आणि बुटाचा नाडा बांधू लागले. नाडा बांधलेलाच होता. त्यांनी तो सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. एका वर्षाचा कोबा, दिल्लीची बैठक, आवारात वसतिगृहांत उतरलेले एवढे संघ, सगळं आता त्या घामेजलेल्या पोराच्या जिभेवर होतं आणि हा माणूस त्याला अर्धा शब्दही सुचवत नव्हता.

ग्रेवालसाहेब मैदानात आले. राजस्थानचे खेळाडू बाजूला उभे राहिले. प्रेक्षकांना काय चाललंय ते माहीत नव्हतं, पण सगळे कठड्याकडे सरकले.

"कैप्टन," साहेबांनी विचारलं, "मैदान के बारे में कोई शिकायत?"

किसननं काठी दुसऱ्या हातात घेतली. खाली पाहिलं, मग राजस्थानच्या कॅप्टनकडे पाहिलं. तो कॅप्टन काहीतरी सांगावंसं वाटत असल्यासारखा उभा होता.

"हाय येक," किसन म्हणाला.

सरांचे हात नाड्यावर थांबले.

"इनको उतार हमनेच सिखाया, साहब. थोडा जास्त सिखाया." त्यानं नाक पुसलं. "यवढीच तक्रार हाय."

ग्रेवालसाहेबांना पुढचं मराठी कळलं की नाही कोण जाणे, पण ते मोठ्यानं हसले. आल्यापासून पहिल्यांदाच. राजस्थानच्या कॅप्टननं किसनला मिठी मारली आणि चाकांवरचे दोघेही धडपडत खाली बसले. साहेब सरांकडे वळून म्हणाले, "भिंगारदिवे जी, कल सुबह दूसरा मैच टाइम पर चाहिए."

माझ्या खांद्यावर हात टाकून सरांनी मला जवळजवळ ओढतच जीपकडे नेलं. सगळ्या संघांना तातडीनं सांगायला हवं होतं, कारण अटीची कुणकुण लागून निम्म्यांनी पुण्याला जायचं म्हणून सामान बांधून ठेवलं होतं. पहिल्याच वसतिगृहाशी जीप थांबली तशी सरांनी उडी मारली आणि दोन्ही हात वर करून ओरडत आत पळाले, "मैच होगा! कल मैच होगा!" त्या वयात त्यांना असं पळताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

तिथं केरळचा संघ होता. त्यांचे वयस्कर व्यवस्थापक सामना बघायला येऊ शकले नव्हते, आणि हिंदी त्यांना कळत नसे. ते गडबडीनं दारात आले, सरांचा फुललेला चेहरा पाहिला आणि त्यांचे दोन्ही हात धरून इंग्रजीत म्हणाले, की यजमान जिंकले की सगळ्या स्पर्धेचीच शोभा वाढते, मनापासून अभिनंदन.

मी मागोमाग पोचलो होतो; खुलासा करायला तोंड उघडलं. सरांनी पायानं माझा पाय दाबला.

"थँक यू," ते व्यवस्थापकांना म्हणाले, "मुलं फार छान खेळली."